१, ११ आणि २१ तारखेला अडणारा सर्व्हर

दर महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेला सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्या सर्व्हरला धाप लागायची. एरवी दोन सेकंदांत उघडणारं पान पाऊण मिनिट गरगरत राहायचं. मग फोन सुरू व्हायचे, आमच्यापैकी कोणीतरी टॉमकॅट (सर्व्हरवर आमचा जावा प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) बंद करून पुन्हा चालू करायचं आणि ज्यांचं काम अर्ध्यावर आलेलं असायचं ते सगळे लॉगिनच्या पानावर येऊन पडायचे. दुपारी दोननंतर सगळं सुरळीत. पुढचे नऊ दिवस कोणाला काही आठवायचंही नाही.

तारखा ऐकूनच ज्यांनी दुधाचं काम पाहिलंय त्यांना कारण कळलं असेल. हा एक तालुक्याचा दूध संघ होता, त्याचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळायचो; नाव सांगत नाही. गावोगावच्या ३१० दूध संस्था त्याला दूध घालायच्या. सकाळ-संध्याकाळ, गाईचं आणि म्हशीचं वेगळं, अशी प्रत्येक संकलनाची नोंद व्हायची: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम, कपात वगैरे. दर दहा दिवसांनी संस्थांचा पगार, म्हणजे दुधाचे पैसे, निघतो, त्यामुळे दहा दिवस भरले की दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेब विभाग, शीतकरण केंद्रं, संकलन विभाग असे सगळे एकाच वेळी ‘दूध संकलन अहवाल’ उघडून बसतात. ३१० संस्था, दहा दिवसांची २० संकलनं आणि दुधाचे दोन प्रकार, म्हणजे १२,४०० ओळी. १ तारखेला यात आणखी एक भर पडायची, कारण काही जण अख्ख्या महिन्याचा अहवाल काढायचे. त्याच्या ओळी तिप्पट.

१२,४०० हा डेटाबेसच्या दृष्टीने किरकोळ आकडा आहे. तरीही आम्ही पहिला संशय डेटाबेसवरच घेतला आणि दोन आठवडे वाया घालवले. आमचा डेटाबेस मायएसक्यूएल; त्याचा मंद क्वेरींचा (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांचा) लॉग चालू केला, इंडेक्स (लवकर शोधायच्या सूची) तपासले. अहवालाची क्वेरी गर्दीच्या वेळीही दोन सेकंदांच्या आत परत येत होती. मग जेव्हीएमची, म्हणजे जावा प्रोग्राम ज्यात चालतो त्या यंत्रणेची, मेमरी एक जीबीवरून दोन जीबी केली. पुढच्या ११ तारखेला साडेदहाला काहीच झालं नाही, आम्ही खूश झालो, आणि सव्वाअकराला सर्व्हर झोपला. या खेपेला पाने अडकून राहण्याचा काळही वाढला होता. जावा आठवर आम्ही निमूटपणे जो डीफॉल्ट कचरा-संकलक (नको झालेली मेमरी मोकळी करणारा) वापरत होतो, तो पूर्ण सफाई करताना सगळं काम थांबवतो, आणि मेमरीत वापरात असलेल्या वस्तूंचा ढीग जितका मोठा तितकी सफाई लांबते. मेमरी दुप्पट करून आम्ही दुखणं पाऊण तास पुढे ढकललं होतं, एवढंच.

खरं उत्तर हीप डंपमध्ये मिळालं. मेमरी संपताच तिचं चित्र फाइलमध्ये लिहून ठेवण्याचा पर्याय जेव्हीएममध्ये असतो. तो लावून ठेवला आणि २१ तारखेची फाइल एक्लिप्स मेमरी अॅनालायझरमध्ये उघडली. कोणत्या वस्तूने किती मेमरी धरून ठेवलीय, हे तो उतरत्या क्रमाने दाखवतो. सगळ्यात वर टॉमकॅटचा सेशन मॅनेजर, त्याच्या पोटात सेशन (लॉगिन केलेल्या प्रत्येकासाठी सर्व्हर धरून ठेवतो ती माहिती), प्रत्येक सेशनच्या पोटात एक यादी आणि यादीत हजारो हॅशमॅप, म्हणजे रकान्याचं नाव आणि त्यातला मजकूर अशा जोड्या ठेवणारे जावाचे डबे. अहवालाची क्वेरी चालवल्यावर आलेल्या सगळ्या ओळी, एका ओळीला एक हॅशमॅप करून, वापरकर्त्याच्या सेशनमध्ये जशाच्या तशा ठेवलेल्या होत्या. पडद्यावर ५० ओळी दिसायच्या, बाकीच्या १२,३५० मेमरीत बसून राहायच्या.

एका ओळीचं वजन

हा हिशेब आम्ही फळ्यावर मांडला आणि त्यानंतर कोणाच्याही मनात शंका उरली नाही, म्हणून तो इथेही मांडतो. अहवालात १८ रकाने होते. ६४ बिटच्या जावा आठमध्ये रिकाम्या हॅशमॅपचे ४८ बाइट. त्याचा आतला तक्ता १६ घरांचा असतो, पण १३वी किल्ली (इथे रकान्याचं नाव) आली की तो ३२ घरांचा होतो, त्याचे १४४. प्रत्येक रकान्यासाठी ३२ बाइटचा एक दुवा, म्हणजे १८ रकान्यांचे ५७६. दुधाचा एक थेंबही न मोजता इथपर्यंत ७६८ बाइट झाले. त्यात नऊ आकडे बिगडेसिमल या जावाच्या दशांश प्रकारात, प्रत्येकी ४०. सहा मजकूर, प्रत्येकी सुमारे ६४. तीन तारखा-वेळा, प्रत्येकी २४. सगळं मिळून ओळीमागे साधारण १,६०० बाइट, आणि १२,४०० ओळींचे जवळपास २० एमबी. महिन्याच्या यादीचे ६०.

आता १ तारखेची सकाळ बघा. २५ जणांनी दहा दिवसांची यादी उघडली आणि १५ जणांनी महिन्याची, तर १,४०० एमबी नुसते अहवाल. दोन जीबीत बाकीच्या कामाला जागा राहते कुठे? शिवाय मायएसक्यूएलचा जावा ड्रायव्हर (जावा आणि डेटाबेस यांना जोडणारा भाग), वेगळं काही सांगितलं नाही तर, क्वेरीचा सगळा निकाल आधी स्वतःच्या मेमरीत ओढून घेतो. म्हणजे यादी भरत असताना तोच मजकूर काही क्षण दोनदा मेमरीत असतो.

इथे आपल्या भाषेशी संबंध असलेली एक गोष्ट. चर्चेत कोणीतरी सुचवलं की जावा आठवरून पुढच्या आवृत्तीवर जाऊ, जावा नऊपासून मजकूर निम्म्या जागेत बसतो. ते खरं आहे, पण लॅटिन अक्षरांच्या मजकुरापुरतं. मजकुरात एक जरी देवनागरी अक्षर असलं तरी ती अख्खी स्ट्रिंग दोन बाइटला एक या जुन्याच हिशेबाने साठते. ‘ज्ञानेश्वर’ या नावात हलन्त आणि काना-मात्रा धरून दहा युनिकोड संकेत आहेत, त्याचे २० बाइट. तेच नाव रोमन लिपीत ११ अक्षरांचं, नव्या जावात ११ बाइट. आमच्या यादीत संस्थेचं नाव, गावाचं नाव, केंद्राचं नाव, शेरा, सगळं मराठीत. आवृत्ती बदलायला हवीच होती, पण तिच्याकडून या दुखण्यावर उतारा मिळणार नव्हता. मराठीत चालणारी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी मेमरीचे अंदाज इंग्रजी नमुना डेटावर बांधू नयेत, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आणि हे ओझं खाली कधी उतरायचं? टॉमकॅटमध्ये सेशनची मुदत डीफॉल्टने ३० मिनिटं असते. आमच्याकडे ती १२० केलेली होती, कारण जेवून आल्यावर पुन्हा लॉगिन करावं लागतं अशी जुनी तक्रार होती. लॉगआउटचं बटण कोणी दाबत नाही. लोक खिडकी बंद करतात, आणि सर्व्हरला त्याचा पत्ता नसतो. साडेदहाला यादी पाहून उठून गेलेल्या माणसाचे ६० एमबी साडेबारापर्यंत त्याची वाट बघत बसायचे.

हे असं का लिहिलं होतं

दोष देणं सोपं होतं, पण मूळ कोड लिहिणाऱ्याची बाजू समजून घेतल्याशिवाय तो कोड काढला असता तर आम्ही नवीन चुका केल्या असत्या. (काढल्यावरही एक केलीच, ती पुढे येते.) आठ वर्षांपूर्वी संघाकडे ९० संस्था होत्या आणि अहवाल बघणारे चार जण. ९० संस्थांच्या ३,६०० ओळी, पाच-सहा एमबी, चार माणसं. त्या काळी ही पद्धत अगदी सुखाची होती. क्वेरी एकदा चालवायची. मग पान पुढे-मागे करणं, रकान्याच्या मथळ्यावर टिचकी मारून क्रम लावणं, एक्सेल काढणं, सगळं त्याच यादीतून. कोड सुटसुटीत, वापरणाऱ्याला वेग.

त्यातला एक दोष मात्र पहिल्या दिवसापासून होता आणि त्याचा मेमरीशी संबंध नव्हता. यादी सेशनमध्ये एकाच नावाखाली ठेवली जायची. एखाद्याने एका टॅबमध्ये गाईचा अहवाल उघडला, दुसऱ्यात म्हशीचा, आणि मग पहिल्या टॅबवर जाऊन एक्सेलचं बटण दाबलं, तर फाइल म्हशीची यायची. मथळा गाईचा, आकडे म्हशीचे. हे आम्हाला कोणीच कळवलं नव्हतं. हिशेब विभागात गेलो तेव्हा एका मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने लावलेला, कडा पिवळ्या पडलेला कागद दिसला: ‘एका वेळी एकच अहवाल उघडणे.’ विचारलं तर मॅडम म्हणाल्या, “अहो, आधीपासून तसंच आहे ना ते. नवीन माणूस आला की आम्ही पहिलं हेच सांगतो.” आमची चूक त्यांनी त्यांच्या शिस्तीत मुरवून टाकली होती. त्या कागदाने मला मेमरीच्या आलेखापेक्षा जास्त अस्वस्थ केलं.

पहिली दुरुस्ती

आम्ही ठरवलं की सेशनमध्ये माणसाची ओळख राहील: तो कोण, त्याचा हुद्दा काय, कोणत्या केंद्राचा. अहवालाचे निकष, म्हणजे तारखा, दुधाचा प्रकार, केंद्र, क्रम, हे सगळं पानाच्या पत्त्यात (यूआरएलमध्ये) जाईल. प्रत्येक टॅबचा पत्ता वेगळा, म्हणून गाय-म्हशीचा गोंधळ आपोआप मिटला. प्रत्येक पानासाठी क्वेरी पुन्हा चालणार आणि फक्त ५१ ओळी आणणार: ५० दाखवायला, एक ‘पुढे’ हे बटण दाखवायचं की नाही हे कळायला.

पुढचं पान कसं आणायचं यावर बरीच चर्चा झाली. सोपा मार्ग ऑफसेटचा: पहिल्या ५०० ओळी सोड, पुढच्या ५० दे. डेटाबेसला त्या ५०० मोजून टाकून द्याव्या लागतात, म्हणून खोलवरच्या पानांना हा मार्ग महाग पडतो, असं सगळीकडे सांगितलं जातं आणि ते बरोबर आहे. पण १२,४०० ओळींवर तो खर्च आम्हाला जाणवलाही नसता. आमची अडचण वेगळी होती. अहवाल बघत असतानाच उशिरा आलेल्या केंद्रांच्या नोंदी आत पडत असतात. दोन पानांच्या मध्ये एखादी नोंद वरच्या भागात शिरली की सगळ्या ओळी एकने खाली सरकतात आणि मागच्या पानाची शेवटची ओळ पुढच्या पानावर पुन्हा दिसते. एखादी नोंद रद्द झाली तर उलटं होतं, एक ओळ कोणत्याच पानावर येत नाही. पैशांच्या यादीत हे चालत नाही. म्हणून आम्ही शेवटच्या ओळीची खूण धरून पुढे जायचं ठरवलं: संस्था क्रमांक, तारीख, वेळ, नोंद क्रमांक या चौकडीच्या पुढच्या ५० ओळी दे. शेवटी नोंद क्रमांक हवाच, नाहीतर बाकी सगळं सारखं असलेल्या दोन ओळींत कोण आधी हे ठरत नाही. मायएसक्यूएलमध्ये ही तुलना चौकडी कंसात घालून एका दमात लिहिता येते, पण तशी लिहिली तर इंडेक्सचा पूर्ण फायदा मिळेल याची खात्री नसते. आम्ही ती ‘किंवा’ आणि ‘आणि’ वापरून उघडून लिहिली. दिसायला ओबडधोबड, पण इंडेक्सवरून सरळ चालली.

‘७३वं पान’ असं थेट जाण्याची सोय यात गेली. त्याचं कोणाला काही वाटलं नाही, कारण ७३व्या पानावर कोणी जातच नव्हतं. लोक संस्थेचा क्रमांक शोधायचे. शोधाची चौकट वर आणून ठेवली.

एक्सेलसाठी मात्र सगळ्या ओळी लागतातच. तिथे ड्रायव्हरला ओळी एकेक करून वाहत्या द्यायला सांगितलं. मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरमध्ये त्यासाठी फेच साइजला (एका वेळी किती ओळी आणायच्या तो आकडा) इंटिजरची किमान किंमत द्यावी लागते, हे एक विचित्र पण कागदोपत्री लिहिलेलं प्रकरण आहे. लगेच एक एरर अंगावर आली: ओळी वाहत असताना त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी चालवता येत नाही, आणि आमचा जुना कोड प्रत्येक ओळीमागे केंद्राचं नाव शोधायला नवी क्वेरी टाकत होता. ते नाव मूळ क्वेरीतच जोडून घेतलं. एक्सेल फाइली बनवणाऱ्या पीओआय लायब्ररीचा सगळी वर्कबुक मेमरीत धरणारा प्रकार काढून, ठरावीक ओळींपलीकडचं डिस्कवर उतरवणारा प्रकार घेतला. फाइल आधी सर्व्हरच्या डिस्कवर पूर्ण करायची आणि मग पाठवायची, असं केलं. नाहीतर गावाकडच्या मंद नेटवरचा एक जण डाउनलोड संपेपर्यंत डेटाबेसचं कनेक्शन अडकवून ठेवतो.

११ तारीख आली. सर्व्हर पाण्यासारखा चालला. आम्ही दुपारी चहा मागवला.

आणि मग मॅडमचा फोन

“सर, तुमची बेरीज चुकतेय.” त्यांनी पाने छापून घेतली होती आणि प्रत्येक पानाखालची बेरीज छपाईच्या कॅल्क्युलेटरवर एकेक करून मिळवली होती. पहिल्या पानावर वर छापलेली एकूण रक्कम आणि त्यांची बेरीज यांत फरक येत होता. हिरव्या पेनाने टिकमार्क केलेला तो गठ्ठा घेऊन आम्ही बसलो. ओळ एकही दोनदा आलेली नव्हती, एकही निसटलेली नव्हती. वरची एकूण रक्कम १०.४२ ला काढलेली, शेवटचं पान ११.०५ ला छापलेलं, आणि मधल्या २३ मिनिटांत एका केंद्राच्या आदल्या संध्याकाळच्या नोंदी येऊन पडल्या होत्या. प्रत्येक पान त्या-त्या क्षणी खरं होतं. सगळी पाने मिळून कोणत्याच एका क्षणाचं चित्र नव्हतं.

जुना कोड ही एक गोष्ट नकळत सांभाळत होता. सेशनमध्ये गोठलेली यादी असल्यामुळे एकदा काढलेला अहवाल शेवटपर्यंत तोच राहायचा. आम्ही मेमरी मोकळी केली आणि त्याबरोबर हा स्थिरपणाही बाहेर काढून टाकला. पगाराची यादी ही नुसती बघण्याची गोष्ट नाही. ती तपासून, सही करून, बँकेत जाते. तपासलेली आणि मंजूर केलेली यादी एकच असली पाहिजे, ही मागणी पूर्ण रास्त होती.

मग दोन प्रकार वेगळे केले. नुसता बघायचा अहवाल आहे तसा, दर पानाला ताजा, आणि त्यावर ‘या क्षणाची स्थिती’ असं वेळेसकट लिहिलेलं. पगारासाठी मात्र ‘यादी तयार करा’ असं वेगळं बटण. ते दाबलं की क्वेरीचा निकाल डेटाबेसमधल्याच एका तक्त्यात उतरतो आणि प्रत्येक ओळीला यादी क्रमांक लागतो. ओळी डेटाबेसमधून डेटाबेसमध्येच जातात, जावाच्या मेमरीत येतच नाहीत. त्यानंतर पाने उलटणं, क्रम लावणं, एक्सेल, छपाई, सगळं त्या क्रमांकावरून. सर्व्हर पुन्हा चालू केला तरी यादी जागेवर. मॅडमनी काढलेली यादी त्याच क्रमांकाने व्यवस्थापकांना त्यांच्या यंत्रावर उघडता येते. सेशनमध्ये हे कधीच शक्य नव्हतं.

यातही एक ठेच लागली. एका तक्त्यातून निवडून दुसऱ्यात टाकताना मायएसक्यूएलचं साठवण-इंजिन इनोडीबी त्याच्या डीफॉल्ट आयसोलेशन पातळीवर (एकाच वेळी चालणारे व्यवहार एकमेकांपासून किती अलग ठेवायचे ती पातळी) मूळ तक्त्यातल्या वाचलेल्या ओळींवर सामायिक कुलूप लावतं. म्हणजे यादी तयार होत असताना केंद्रांच्या नोंदी ताटकळायच्या. पाचेक सेकंदांचाच प्रश्न, पण दूध ओतून घेणारा माणूस काट्यापाशी उभा असतो आणि त्याच्यामागे रांग असते. त्या एका व्यवहारापुरती पातळी ‘रीड कमिटेड’ केली, मग निवडीच्या बाजूला कुलूप लागत नाही. एका विधानाला एकाच क्षणाचं चित्र तरीही मिळतं, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. सेशनमधली यादी ज्याची त्यालाच दिसते, हे फुकट मिळत होतं. क्रमांक पत्त्यात आला की कोणीही एक आकडा बदलून दुसऱ्याची यादी मागू शकतो. म्हणून प्रत्येक वेळी यादी कोणाची, बघणाऱ्याचा हुद्दा आणि केंद्र काय, हे तपासून मगच ओळी द्यायच्या. ही तपासणी आम्ही क्वेरीच्या अटीतच घातली. वेगळ्या ठिकाणी ठेवलेली तपासणी एखाद्या नव्या पानात विसरली जाते, हा आमचा अनुभव होता.

साठा वाढत जाणार म्हणून मंजूर न झालेल्या याद्या सात दिवसांनी रात्री थोड्या-थोड्या करून पुसल्या जातात. मंजूर यादीला हात लावत नाही. मंजुरीनंतर उशिरा आलेली नोंद त्या यादीत घुसवायची नाही, ती पुढच्या पगारात फरक म्हणून दाखवायची, हे संघाने स्वतः ठरवलं. त्यांच्या वह्यांमध्ये पूर्वी तसंच होतं. सेशनची मुदत आम्ही १२० मिनिटांवरच ठेवली. आता एका सेशनमध्ये काही किलोबाइट असतात, जेवायला गेलेल्या माणसाला बाहेर काढायचं कारण उरलं नाही.

पुढच्या खेपेला हिशेब विभागात गेलो तेव्हा मॉनिटरवरचा कागद अजून तिथेच होता. आता लागत नाही म्हटल्यावर मॅडमनी दोन टॅब उघडले, एकात गाय, एकात म्हैस, दोन्हीकडून एक्सेल काढलं, फाइली शेजारी शेजारी ठेवून पहिल्या दहा संस्थांचे आकडे ताडून पाहिले आणि मग नखाने चिकटपट्टी सोडवली. त्यांची स्वतःची एक मागणी होती: यादी क्रमांक पगारपत्रकाच्या तळाशी छापा. तो छापायला लागलो तेव्हापासून एखाद्या संस्थेचे सचिव रक्कम कमी आली म्हणून फोन करतात, तर इकडून पहिला प्रश्न जातो, “यादी नंबर किती आहे, बघा जरा.”